सहावा कोठे शे?

मास्तरांच्या शोकसभेत तीन भाषणं झाली आणि तिन्ही खोटी होती. पहिल्या वक्त्याने सांगितलं की मास्तर फार शिस्तीचे होते. दुसऱ्याने सांगितलं की ते फार कमी बोलत, आणि हे सांगायला त्याने पाऊण तास घेतला. अध्यक्षस्थानी रावसाहेब होते. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले की या माणसाने आपल्या नंदुरबारच्या पोरांना पहिलं यायला शिकवलं. मी मागच्या बाकावर होतो. शेजारी रनाळ्याचा थोरला पाटील बसला होता. तो हसला, मग शोकसभा आहे हे आठवून खोकला.

म्हणून हे लिहितो आहे. एरवी मी माणसांवर लिहीत नाही, प्रश्नांवर लिहितो. माझी पत्रकं या भागात पुष्कळांच्या हातात गेली आहेत. ती वाचली गेली असा माझा दावा नाही. पण खोटं छापून येण्याआधी खरं छापून यावं, या मताचा मी आहे. आणि खरं असं आहे की मास्तरांनी कुणालाही पहिलं यायला शिकवलं नाही. पहिला कोण आला हे त्यांना बहुधा माहीतच नसे.

ते इंग्रजी शाळेत ड्रिल मास्तर होते. धुऊन धुऊन विटलेली खाकी चड्डी, तसाच सदरा, आणि काखेत बूट. बूट लष्करी होते, रोज पॉलिश केलेले. ते बूट मास्तर चालताना कधी घालत नसत. मैदानावर यायचे अनवाणी, उभं राहायची वेळ आली की खाली बसून बूट चढवायचे, नाड्या बांधायचे आणि उभे राहायचे. पुन्हा धावायचं झालं की पुन्हा खाली बसून बूट काढायचे. कुणी विचारलं तर म्हणत, "पाय धावाले, बूट उभं ऱ्हावाले." यापुढे खुलासा मिळत नसे.

शाळेत हजेरी ते शेवटच्या नंबरापासून घेत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. आधी कापसाचा भाव, मग हरवलेल्या म्हशी, आणि वाटलंच तर व्हाइसरॉय. पंगतीत वाढायला उभे राहिले तर टोकाला बसलेल्या माणसापासून सुरुवात करत, आणि पहिल्या पाटावरच्या प्रतिष्ठिताच्या पानात भात येईपर्यंत त्याची मुलंबाळं जेवून उठलेली असत. हेडमास्तरांनी त्यांना एकदा लेखी विचारलं की हजेरी उलटी का. मास्तरांनी लेखी कळवलं की मागून मोजलं तर पुढचे आपोआप मोजले जातात, पुढून मोजलं तर मागचे जात नाहीत. ते पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात खेचरांच्या तांड्याबरोबर होते, तिथे काहीतरी झालं असावं, असं गावात बोललं जाई. काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, खेचरं चांगली होती.

त्यांचं एक धावण्याचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे पाच माणसं आणि एक रॉकेलचा रिकामा डबा. सारा प्रांत स्वातंत्र्यासाठी पेटलेला असताना सहा वाजता उठून नुसतं पळायचं, याचा मला राग होता. तो व्यक्त करायला मी एका पहाटे पत्रकं घेऊन मैदानावर गेलो. मास्तरांनी पत्रक घेतलं, शेवटच्या ओळीपासून वर वाचत नेलं, घडी केली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मंडळाला लीगमध्ये उतरायला सहा माणसं लागत होती. त्या दिवसापासून मी सहावा झालो. पत्रकांचा गठ्ठा त्यांनी ठेवून घेतला. पुढचा महिनाभर आम्हाला शेंगदाणे आणि गूळ माझ्याच लेखनात बांधून मिळत होते. वाटपही शेवटच्यापासून होई, म्हणजे पहिली पुडी माझी.

लीगबद्दल सांगायला हवं. आसपासच्या चार क्लबांची ती लीग होती, आणि शर्यत रानदौडीची. रस्ता सोडून शेत, नाला, बांध, नदीकाठ असं तीन कोस पळायचं. हिशेब असा की धावणारा कितवा आला तितके त्याचे गुण. एका क्लबाच्या सहा जणांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो क्लब जिंकला. पाचच पोचले तर क्लब बाद. सेक्रेटरी घड्याळ बघून झेंडा उतरवत. त्यानंतर आलेला माणूस आलाच नाही असं धरायचं. थंडीच्या दिवसांत अशा तीन शर्यती, प्रत्येक शर्यतीला एक कप, आणि तिन्ही मिळून जो क्लब तळाला, त्याचं नाव काढून टाकायचं.

सेक्रेटरी रावसाहेब. चारांपैकी सगळ्यांत मोठा क्लब म्हणजे जिमखाना, त्याचे अध्यक्षही रावसाहेब. दोन्ही एकच माणूस कसा, असं मी एका पत्रकात विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

हा गुणांचा हिशेब मास्तरांसाठीच कुणी बनवला असावा असं वाटे. बाकीचे क्लब आपल्या पहिल्या धावणाऱ्याला दूध पाजत. मास्तर शेवटच्या रेघेवर बूट घालून उभे राहत, हातात डबा आणि लाकडाचा तुकडा. आमचा पहिला आला तर मान हलवत नसत. कुणी धावत येऊन सांगितलं की मास्तर, वेस्ता पहिला आला, तर ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणत, "पहिला कोन उना ते माले सांगू नका. सहावा कोठे शे?" सहावा रेघ ओलांडून आला की डबा वाजायचा. त्याआधी नाही.

वेस्ता हा आमचा पहिला. काठी गावाकडच्या डोंगरातला आदिवासी, हंगामात जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायला येई. तो पळतो आहे असं वाटत नसे. जमीनच मागे जाते आहे असं वाटे. मग रनाळ्याचे दोघे पाटील भाऊ, घरचे बागायतदार, दुधातुपावर वाढलेले. मग कोर्टाचा शिपाई, मग शिंपी आणि मग मी. माझ्या आणि शिंप्याच्या मध्ये बरंच अंतर असे.

पहिली शर्यत शहाद्याला झाली. वाटेत पाण्याची सोय होती: पाच जणांना पेला, आणि वेस्ताला उंचावरून ओंजळीत धार. त्या रात्री मी दोन पानी पत्रक लिहिलं. मास्तरांनी काही लिहिलं नाही. पुढच्या शर्यतीत त्यांनी आम्हा सहाही जणांना हुकूम दिला की ओंजळीनेच प्यायचं. पाटील भावांचे सदरे भिजले आणि त्यांच्या गावच्यांनी ते पाहिलं, कारण ती शर्यत रनाळ्याजवळच होती. शेवटी मास्तर स्वतः बूट काढून खाली बसले, ओंजळ पुढे केली आणि पाणी वाढणाऱ्याला म्हणाले, ओत. तो माणूस बराच वेळ ओतत राहिला. माझं पत्रक चांगलं होतं, पण खरं सांगायचं तर एवढं चांगलं नव्हतं.

त्या दोन्ही शर्यतींत आम्ही बाद झालो. शहाद्याला शिंप्याच्या पायात बाभळीचा काटा गेला. शिंपी असल्यामुळे सुई जवळ होती. त्याने व्यवस्थित मांडी घालून, टाचेभोवती एकही ओरखडा न पडता काटा काढला, आणि तेवढ्यात झेंडा उतरला. रनाळ्याला धाकटा पाटील तिसरा पळत होता. वाट त्यांच्या घरावरून जात होती. आई ओट्यावर उभी होती. ती म्हणाली, "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी रे, जेवीसन जा." तो जेवून आला.

रावसाहेबांनी दोन्ही वेळा घड्याळाचा काटा तंतोतंत पाळला. धाकट्याला रेघ वीस पावलांवर दिसत होती तेव्हा झेंडा खाली आला.

आता उरली सारंगखेड्याची शर्यत. तिथे पहिले आलो तर नाव राहणार, नाहीतर जाणार. बाकीच्यांना कुठेही जागा मिळाली असती. शिंपी पळायचं सोडून शिवत बसला असता, पाटील भावांना जिमखान्यातून निरोप येऊनही गेला होता. वेस्ताला निरोप येणार नव्हता. वेस्ताला घेणारा लीगमध्ये एकच क्लब होता, तो म्हणजे आम्ही. हे कुणी बोललं नाही, पण त्या महिन्यात सराव चुकवला नाही कुणीही.

त्या सरावातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. एकदा मी मागे पडलो आणि वाट चुकून पार दुसऱ्याच गावात निघालो. वेस्ता शोधत आला. त्याला माझं नवल वाटलं. तो म्हणाला की आमच्याकडे होळीला चाळीस माणसं एका वाटेने निघतात, लहानथोर, दारू प्यालेले, आणि कुणी चुकत नाही. पुढचा माणूस फाट्यावर हिरवी फांदी मोडतो आणि जी वाट चुकीची तिच्यावर आडवी टाकतो. फांदी पडली म्हणजे ती वाट बंद. मागच्याने विचारायचं नाही, दुसरीने यायचं.

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते बूट घालून उभे होते. मग म्हणाले की आजपासून मंडळाचा कायदा हाच. वेस्ता सगळ्यांत पुढे असतो, तर फाट्यावर थांबायचं काम त्याचं. पाटील म्हणाले, मास्तर, पहिला पळणारा थांबतो का कधी? मास्तर म्हणाले, आपला थांबतो.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठून चारच दिवस झाले होते. मैदानावर सगळीकडे खुरांचे ठसे. लीगच्या माणसांनी आदल्या दिवशी चुन्याच्या फक्कीने वाट आखली होती, पण मागे राहिलेल्या व्यापाऱ्यांनी सकाळी घोडे त्याच वाटेने काढले आणि तापीकाठचा पांढरा पट्टा पुसून गेला. रावसाहेबांना कुणीतरी हे सांगितलं. ते म्हणाले, पुढच्याच्या मागे मागचा जाईल. बाकीच्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं.

शर्यत सुरू झाली. पहिल्या पाव कोसात चोवीस धावणाऱ्यांपैकी बावीस मला दिसेनासे झाले. तेविसावा दिसत होता. ते जिमखान्याचे केशवराव. कचेरीत कारकून, चाळिशीचे, सोन्याच्या काडीचा चष्मा, धोतराचा काचा मारलेला. ते जिमखान्याचे सहावे. मी जसा पत्रकांमुळे आलो होतो तसे ते कचेरीतल्या साहेबांच्या सांगण्यावरून आले असावेत. दोन कोस आम्ही दोघं असेच पळलो, ते चाळीस पावलं पुढे आणि मी मागे, एकमेकांची धाप ऐकत.

शेवटचा फाटा नदीकाठी होता. एक कडुनिंब आणि दोन वाटा. वरची काठाने सरळ यात्रेच्या मैदानाकडे, जिथे झेंडा होता. खालची नदीच्या पात्रात, खरबुजांच्या डांगरवाड्यांकडे आणि पुढे गाळात. खालच्या वाटेवर निंबाची हिरवी फांदी आडवी पडलेली होती. वेस्ता थांबून गेला होता.

केशवराव फाट्यावर थांबले. चष्मा काढून धोतराला पुसला. पट्टा दिसेना. फांदी दिसली. आमच्या सपाटीवर दारात हिरवा डहाळा लावला म्हणजे या, इथेच या, असा त्याचा अर्थ. लग्नाघरी, जेवणावळीला, देवळात. केशवरावांनी तोच घेतला. फांदीवर पाय पडू नये म्हणून काचा थोडा उचलून ती ओलांडली आणि ते खाली उतरले.

मी फाट्यावर पोचलो तेव्हा ते हाकेच्या अंतरावर होते. डोकं दिसत होतं. मला धाप लागली होती, हे खरं आहे. पण हाक मारता आली नसती इतकी नव्हती. मी तोंड उघडलं. श्वास घ्यायला उघडलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मग वरच्या वाटेने निघालो.

मी रेघ ओलांडली तेव्हा झेंडा वरच होता. थोरला पाटील बोटांवर बेरीज मांडून बसला होता. त्याने ती तीनदा केली होती. वेस्ता पहिला, दोघे भाऊ चौथा-पाचवा, शिपाई आणि शिंपी नववा-दहावा, आणि मी. जिमखान्याच्या पाच जणांची बेरीज आमच्या पाचांपेक्षा तीनने कमी होती. पण पाच. सहावा आला नाही तर जिमखाना बाद आणि आम्ही पहिले. आला तर आम्ही दोन गुणांनी गेलो. पाटलाने मला मिठी मारली. शिंपी रडत होता.

डबा वाजला नाही.

मास्तर बूट घालून उभे होते, डबा काखेत. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागच्या वाटेकडे बघत होते.

"सहावा कोठे शे?"

मला वाटलं त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हणालो, मास्तर, मी आलो की.

"तू नही. त्यासना."

त्यांचा, म्हणजे जिमखान्याचा. रावसाहेब घड्याळ हातात घेऊन जवळच उभे होते. मी पाटलाकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं, पण त्याने मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. मी वेस्ताकडे पाहिलं. तो जमिनीवर बसून पायाचा गाळ काढत होता. मास्तर अजून वाटेकडेच बघत होते.

"खालच्या वाटेने गेले," मी म्हणालो. "फांदी ओलांडून."

वेस्ता उठला. त्याने कुणाला विचारलं नाही, जिथून आला होता तिकडे पळत सुटला. फांदी त्याची होती. मास्तर खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट काढून माझ्या हातात दिले, डबा शिंप्याकडे दिला आणि त्याच्यामागे गेले. साठीला आलेला माणूस. मी त्यांना त्याआधी एवढं जोरात पळताना पाहिलं नव्हतं.

आणि झेंडा? झेंडा उतरायची वेळ होऊन गेली होती. रावसाहेबांनी घड्याळ कानाला लावलं. मग ते हलवलं. मग म्हणाले की यंत्राचा काही भरवसा नाही, सकाळपासून पुढे पळतं आहे. दोन शर्यतींत आमच्यासाठी एक पळ न थांबलेला झेंडा त्या दिवशी सावकाश फडफडत राहिला. मी हे तोंडावर म्हणालो असतो. पण हातात बूट होते आणि मला बोलायचा हक्क नव्हता.

अर्ध्या तासाने ते तिघं काठावर आले. केशवराव मांडीपर्यंत काळे, चष्मा मुठीत उंच धरलेला. लीगच्या नियमात असं होतं की धावणाऱ्याला कुणी हात लावला तर तो बाद. मास्तरांना नियम पाठ होते. ते एका बाजूला आणि वेस्ता दुसऱ्या बाजूला चालत होते, हात पाठीमागे बांधून. केशवराव दोनदा पडले. दोन्ही वेळा हे दोघं थांबले, वाकले नाहीत. मास्तर फक्त सांगत होते, इथे कडक आहे, इथे पाय ठेवा. रेघ पन्नास पावलांवर राहिली तेव्हा मास्तर पुढे पळाले, शिंप्याकडून डबा ओढून घेतला आणि केशवरावांनी रेघ ओलांडली तसा वाजवायला लागले. किती वेळ वाजवला. आमच्यापैकी कुणासाठीही त्यांनी तो एवढा वेळ वाजवला नव्हता. जिमखान्याच्या लोकांना टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना.

रावसाहेबांचं घड्याळ लगेच ठीक झालं. आमचं नाव त्याच दिवशी लीगमधून निघालं.

परतताना तापी ओलांडायला नाव होती. नावेत उभं राहायचं होतं म्हणून मास्तरांनी माझ्याकडून बूट मागून घेतले आणि घातले. मधोमध आल्यावर थोरला पाटील म्हणाला, "मास्तर, हातमा येल कप व्हता." मास्तर म्हणाले, हो, होता. बस, एवढंच. पाटलाला भांडायचं होतं, पण समोरचा माणूस कबूलच करतो म्हटल्यावर भांडणार कसं? तो पाण्यात थुंकला आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. वेस्ता नावेच्या टोकाला बसला होता. त्याला काय गेलं ते त्याला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. तो फक्त एवढंच म्हणाला की आमच्याकडे ती फांदी कुणी ओलांडत नाही.

पुढे दोंडाईच्याच्या स्टेशनापर्यंत चालत जायचं होतं. मास्तरांनी बूट काढून काखेत घेतले आणि सवयीने सगळ्यांच्या मागे राहिले, म्हणजे माझ्याबरोबर. कोसभर मी बोललो. झेंड्याबद्दल बोललो, घड्याळाबद्दल बोललो, यावर पत्रक काढतो म्हणालो, चार पानी, रावसाहेबांचं नाव घालून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काढ," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू इतला कागद लिखस. तठे एक शब्द नही निंघना?"

मी ते पत्रक काढलं नाही. शोकसभेत रावसाहेब बोलले तेव्हा मला ते आठवलं.

पुढच्या रविवारी मी मैदानावर जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. पाचही जण आले होते. पाटीलही, रागातच, पण आले होते. जिमखान्याच्या निरोपाचं काय केलं, ते मी विचारलं नाही. वेस्ता होता. मास्तरांनी हजेरी काढली आणि शेवटच्यापासून सुरू केली. पहिलं नाव माझं नव्हतं.

"केशवराव."

केशवराव मैदानाच्या कडेला उभे होते, अनवाणी, चष्मा दोऱ्याने कानामागे बांधलेला. त्यांनी हजर म्हटलं ते कचेरीतल्यासारखं, किंचित वाकून. मग माझं नाव आलं.

मास्तरांनी त्या दिवशी वेस्ताला मागे ठेवलं आणि मला पुढे पाठवलं. म्हणाले की यापुढे फाट्यावरचं काम तुझं, आणि, "फांदी ठेईसन भागत नही. तोंडबी उघाडनं पडस." मी माझ्या सहाव्याच्या वेगाने पुढे आणि पाच चांगले धावणारे माझ्यामागे दात-ओठ खात, अशी आमची मंडळी मग नंदुरबारच्या शिवारात कित्येक महिने फिरली. लीग नव्हती. कप नव्हता. रॉकेल रेशनवर गेल्यावरही डबा मात्र होता.

मास्तर गेले त्याला महिना झाला. आम्ही अजून पळतो. फाटा आला की मी फांदी मोडतो, चुकीच्या वाटेवर आडवी टाकतो आणि उभा राहतो. पाटील शिव्या देत पुढे निघून जातात. वेस्ता हंगामात असतो, तो हसून जातो. मग बऱ्याच वेळाने तो चष्मा चमकतो.

"केशवराव, ही वाट बंद आहे," मी म्हणतो.

त्यांना ते आता ठाऊक आहे. तरी मी म्हणतो.